आधी घरच्यांना विचारा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीचा आनंदीआनंद आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट घडलीच मराठीत, म्हणून मराठीतच सांगते.

गेल्या दिवाळीत कराडजवळच्या आमच्या गावी मामाने नवं घर बांधायचं काढलं. "भाची सिव्हिलला आहे, प्लॅन तीच काढणार," असं त्याने गावभर सांगितलं. मीही हॉस्टेलवर तीन रात्री जागून ऑटोकॅडमध्ये झकास प्लॅन काढला. ओपन किचन, अटॅच्ड बाथरूम, पुढे कार पार्किंग. प्रिंटआउट बघून आजी एवढंच म्हणाली, "छान आहे गं. पण मी बसू कुठे?"

मी गप्पच झाले. आजीचा अख्खा दिवस पडवीत जातो. तिथेच ती भाजी निवडते, तिथूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते. ती पडवी काढून मी मामाकडे नसलेल्या गाडीला जागा दिली होती! मामा ऊसबिलाचे पैसे साठवून आयुष्यात एकदाच घर बांधणार. मी त्याला स्क्वेअर फूट आणि बजेट विचारलं, पण घरात कोण कसं राहतं, हे विचारलंच नाही.

परत आल्यावर लायब्ररीत लॉरी बेकर यांच्याबद्दल वाचलं. जन्म १९१७, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले आणि इथलेच झाले. केरळात तिरुवनंतपुरमला त्यांनी शेकडो घरं बांधली. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते गेले.

त्यांची पद्धत साधी होती. ज्याचं घर, त्याच्याशी स्वतः बोलायचं. माणसं किती, कमाई किती, स्वयंपाक कसा करतात, हे समजून घ्यायचं. जागेवर जाऊन वारा, उतार आणि झाडं बघायची. मग बरंचसं डिझाइन साइटवरच, गवंड्यांबरोबर उभं राहून पक्कं करायचं. आपल्याकडे शीट सबमिट झाली की डिझाइन संपतं, त्यांचं तिथे सुरू व्हायचं!

आता थोडं टेक्निकल. घरमालकाचा पैसा वाचावा म्हणून त्यांनी 'रॅट-ट्रॅप बाँड'चा भरपूर वापर केला. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात. भिंत ९ इंचीच राहते, पण मध्ये पोकळी तयार होते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाचा ताप आत कमी येतो. दुसरी युक्ती 'फिलर स्लॅब'ची. स्लॅबच्या मधल्या भागात खालच्या बाजूला ताण असतो आणि तो स्टील घेतं. तिथलं काँक्रीट ताणाला फारसं उपयोगी नसतं. म्हणून सळ्यांच्या मधल्या जागेत मंगलोरी कौलं बसवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, म्हणून स्टीलही कमी लागतं. आरसीसीच्या पेपरला आपण हेच तत्त्व घोकतो, पण त्याने कुणाचे पैसे वाचतील, हे माझ्या तरी कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग बेकरांचीच कॉपी मारायची का? नाही! सुट्टीत परत गेले, तेव्हा वही घेऊन आजीजवळ पडवीत बसले. बोलता बोलता तिने १९६७ चा कोयनेचा भूकंप सांगितला. त्या रात्रीपासून तिला दाराजवळच झोपायची सवय आहे. म्हणजे आमच्याकडे पोकळ भिंत डोळे झाकून उचलून चालणार नाही. कोपऱ्यांत उभं स्टील, प्लिंथ आणि लिंटेलला बँड, हे सगळं सरांकडून तपासून घ्यायचं ठरवलंय. ही माहिती मला कुठल्याच सॉफ्टवेअरने दिली नसती.

नव्या प्लॅनमध्ये पडवी पुढे आहे, आजीची खोली तिला लागून आहे आणि पार्किंग गायब आहे. मामा म्हणाला, "अगं, मग गाडी घेतली तर?" म्हटलं, "आधी घे, मग बघू!"