खोली रिकामी आहे का?

मैत्रिणींनो, खोटं बोलायला किती वेळ लागतो? गेल्या जूनमध्ये मला दोन सेकंदही लागले नाहीत.

शीव कोळीवाड्यात आमच्या घराची वरची खोली आम्ही कॉलेजच्या मुलींना भाड्याने देतो. आधीची मुलगी नोकरी लागून गेली होती. एजंटचा फोन आला, "वहिनी, एम.ए. करणारी मुलगी आहे, एकदम शांत." म्हटलं, घेऊन ये. दार उघडते तर समोर केनियाची मुलगी. उंच, काळीभोर, केसांच्या बारीक बारीक वेण्या. "नमस्ते आंटी" म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खोली कालच गेली हो."

एजंट माझ्याकडे बघतच राहिला. तिला मात्र जराही नवल वाटलं नाही. "थँक यू आंटी" म्हणून जिना उतरली. तिने पाहिलेली ही नववी खोली होती, हे मला नंतर कळलं.

मी बचत गटांचं काम करते, बायकांपुढे भेदभावावर भाषणंही ठोकते! रात्री माझी लेक म्हणाली, "आई, ती गोरी अमेरिकन असती तर?" मी आपली भाजी ढवळत राहिले.

आफ्रिकेतली कितीतरी मुलं मुंबई-पुण्याला शिकायला येतात. काहींना आपल्या सरकारची आयसीसीआर ही संस्था शिष्यवृत्ती देते. विद्यापीठ प्रवेश देतं, पण हॉस्टेल भरलेलं असलं की मुलं येतात आपल्या दारात, आणि तिथे 'नाही' म्हणणारे आपणच. २०१६ साली बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारलं, २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. तेव्हा पेपर वाचून मीही हळहळले होते. मारणारे वेगळे, आपण वेगळे, असं वाटायचं.

त्या रात्री मला बाबासाहेब आठवले. इथून जवळच, परळच्या बीआयटी चाळीत ते राहत. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच लोक लाठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते डू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिलं, तेही दोघांचं दुखणं एकच म्हणून. जयंतीला हार घालणारी मी, आणि माझ्या दारातून कोण परत गेलं?

आणि आपण 'हबशी' हा शब्द शिवीसारखा वापरतो ना, तर १६१० साली खडकी हे शहर वसवणारा मलिक अंबर हबशीच होता. तेच पुढे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर.

दुसऱ्या दिवशी एजंटला फोन केला. "खोली आहे," एवढंच म्हटलं. तो हसला मेला!

मग शेजारणींचं सुरू झालं. वास येईल, कोण कोण येतील, पोलिसांची भानगड नको. भानगड कसली? परदेशी भाडेकरू आला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते, ती लेकीने करून टाकली. पंजाबी कॉलनीतल्या आंटी म्हणाल्या, "हमारे ससुरजी फाळणी के बाद आये थे, तब हमसे भी लोग डरते थे." आणि कोळीणमावशी मासळीची पाटी उतरवत म्हणाली, "माझा तरी रंग कुठं गोरा हाय गो?" झालं, सगळ्या गप्प.

मुलगी राहायला आली. महिन्याभराने बोलती झाली. वर्गात पहिले कित्येक दिवस तिच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. गटाने प्रकल्प करायचा तर तिला कोणी घेईना. मास्तर म्हणाले, तू एकटीच कर. हे ऐकून मी तडक कॉलेजात गेले. परदेशी मुलांचं कोण बघतं, विचारलं. क्लार्कने कपाटातली फाईल दाखवली!

पुण्याच्या सिंबायोसिसची गोष्ट मला ठाऊक होती. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. खिडकीतून एक मुलगी खोलीतल्या मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तर मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी. ती त्याला जेवण देत होती. परक्या देशातल्या मुलांना आपलं म्हणणारं कोणी हवं, म्हणून १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिस काढली. हे सगळं प्राचार्यबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. यंदा प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला वरच्या वर्गातला एक सोबती दिलाय, आणि गटात कोण कोण ते आता शिक्षक ठरवतात.

खोल्यांची यादी मात्र त्यांनी माझ्या गळ्यात घातली. आमच्या गटातल्या चार बायकांनी नावं दिली आहेत. पाचवी म्हणते, "यांना विचारून सांगते." तिची खोली मार्चपासून रिकामी आहे.