घाटात ‘राजदूत ३५०’ का अडखळते? दोष उंचीचा की कार्ब्युरेटरचा?

भोरहून वरंध घाट असो की वेल्ह्याकडे जाणारा पाबे घाट. जुनी ‘राजदूत ३५०’ वळणावर अडखळली की ‘वर हवा विरळ आहे’ हे कारण ठरलेले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

दर १०० मीटर उंचीला हवेची घनता साधारण १ टक्का घटते. कोकणातून सुमारे ६०० मीटर वर आल्यास ६ टक्के. पेट्रोल-हवेच्या मिश्रणात फरक पडतो त्याच्या निम्मा, जेमतेम ३ टक्के. एवढ्याने गाडी मंदावेल, अडखळणार नाही.

मग गोम कुठे?

एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या या ३४७ सीसी टू-स्ट्रोक गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. जुन्या रेसिंग कारमध्ये वेबर कार्ब्युरेटर असेच बसवत: चार सिलिंडर, चार हवामार्ग. पिकअप झकास मिळतो. पण एकाची चूक दुसरा सांभाळून घेत नाही.

दोन स्लाइडमध्ये १ मिलिमीटरचा फरक असेल, तर ३ मिलिमीटर उघडताना तो एक तृतीयांश ठरतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर जाणवतही नाही. म्हणून हायवेवर गुळगुळीत पळणारी गाडी घाटात, जिथे दर वळणाला थ्रॉटल मिटून पुन्हा उघडावा लागतो, तिथे धक्के देते.

ट्यूनिंग कसे करतात?

आधी स्क्रूला हात लावायचा नाही. दोन्ही पॉइंट, रबरी जोडातील हवेची गळती आणि फ्लोटची पातळी तपासायची. मग फिल्टरचे रबर काढून, थ्रॉटल हळू फिरवत दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते पाहायचे. मूळ केबलला फाटे असतात, फरक बहुधा तिथेच निघतो. त्यानंतर आयडल आणि शेवटी एअर स्क्रू. कारमध्ये प्रत्येक हवामार्गाच्या तोंडाशी हवा मोजणारे मीटर धरतात. इथे जाणते मेस्त्री दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरून अंदाज घेतात.

धोका मात्र चढापेक्षा उताराचा. महाडकडे उतरल्यावर हवा दाट होते, मिश्रण आणखी पातळ पडते. आधीच पेट्रोल कमी मिळणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन मग जोरात पळवताना सीझ होऊन मागचे चाक जाम होऊ शकते. अशा वेळी लगेच क्लच दाबावा. एक प्लग तपकिरी आणि दुसरा पांढरा दिसत असेल, तर गाडी घाटात नेऊच नये.