ओवीतला ख्रिस्त

पांढुर्णा-सौंसरकडील भजनी मंडळांना ओवी आणि अभंग यांची गोडी सांगावयास नको. परंतु याच ओवीने चार शतकांपूर्वी एका इंग्रज पाद्र्यालाही मोहिनी घातली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि साष्टी प्रांतात राहून कोकणी व मराठी शिकला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची अडचण त्याने ओळखली. जुनी पुराणे त्यांच्या हातून गेली होती, लॅटिन प्रार्थना कळत नव्हत्या. मग त्यांनी गावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे! स्टीफन्सने भाषेबरोबर तिचे भावविश्वही आपलेसे केले, म्हणूनच हा ग्रंथ लोकांच्या ओठी बसला, असे आम्हांस वाटते.

पुढचे दिवस कठीण होते. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो वाचला हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची बोली कोकणी. तरीही मराठी ओव्यांच्या नकला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. आम्हां कोकणीभाषकांस याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला हे पुराण पुन्हा छापले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, तेव्हा कोठे ते सामान्य मराठी वाचकाच्या हाती पडले.

स्वभाषेत देवाला आळवण्याची ही ओढ युरोपातही दिसते. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील पाद्री लॅटिनऐवजी प्राचीन स्लाव्ह भाषेत उपासना गात. सेन्यच्या बिशपला १२४८ साली पोपने तशी अनुज्ञा दिली होती. क्रक बेटावर ते गायन कित्येक शतके टिकले.

महाराष्ट्रात मात्र एकोणिसाव्या शतकातील पुष्कळशी ख्रिस्ती गीते इंग्रजीची भाषांतरे होती. परक्या चालीत मराठी शब्द अवघडून बसत. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांना चर्चमध्ये मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि मराठी चर्चमध्ये रविवारी ती आजही म्हटली जातात.