मुक्तस्रोत आज्ञावली, तिचा परवाना व संगणकाची सुरक्षितता

शाळेत संगणक आला म्हणजे त्याच्याबरोबर दोन प्रकारच्या वस्तू येतात. पडदा, कळफलक, छपाईयंत्र या वस्तू डोळ्यांना दिसतात. त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, त्यांवर शाळेचे नाव रंगविले जाते व दरवर्षी त्यांची मोजदादही होते. दुसरा प्रकार म्हणजे संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर. त्यांची नोंद बहुधा कोठेच आढळत नाही. त्या कोणी आणल्या व कोणत्या अटीवर आणल्या असे विचारले असता, "दुकानदाराने टाकून दिल्या" किंवा "फुकट मिळाल्या" असे उत्तर मिळते. या 'फुकट' शब्दाच्या पोटात तीन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत आणि शाळेच्या दृष्टीने त्यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे.

हा भेद समजण्यासाठी आज्ञावली कशी तयार होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. ती लिहिणारा मनुष्य प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत ती लिहितो. या लेखनास मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. पुढे त्याचे रूपांतर यंत्रास कळणाऱ्या शून्य-एकच्या मालिकेत केले जाते. ग्राहकाच्या हाती सामान्यतः हे दुसरे रूपच पडते. त्यावरून आत काय लिहिले आहे हे ओळखणे, ताटातली पुरणपोळी पाहून पुरणात गूळ किती व जायफळ किती हे सांगण्याइतकेच कठीण असते. काही कंपन्या मूल्य न घेता आज्ञावली देतात, परंतु मूळ संहिता आपल्याजवळच ठेवतात; ती फुकट असली तरी बंद असते. दुसऱ्या काही आज्ञावलींना मूल्य असते, पण कुलूप तोडून त्यांच्या प्रती परस्पर वाटल्या जातात. ती चोरी होय. तिसरा प्रकार मुक्तस्रोत आज्ञावलींचा. त्यांची मूळ संहिता कोणासही पाहता येते, बदलता येते व वाटता येते. आणि हा अधिकार लेखी परवान्याने दिलेला असतो.

अशा परवान्याची गरज कशी उत्पन्न झाली, त्याची हकीकत बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत नवे छपाईयंत्र आले. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत, कागद अडकला की वापरणाऱ्यास सूचना मिळावी अशी सोय केली होती. नव्या यंत्रात तीच सोय करावी म्हटले, तर मूळ संहिता मिळेना. ज्याच्याजवळ ती होती तो ती कोणास न दाखविण्याच्या कराराने बांधला गेला होता. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, हा परवाना प्रसिद्ध केला.

या परवान्याची मुख्य अट विरजणाच्या दाखल्याने चटकन समजते. शेजारणीने विरजण दिले. त्यापासून घरोघर दही लागले. दही विकण्यास हरकत नाही. परंतु जो ते घेईल त्याने पुढे विरजण मागितले तर नाही म्हणता येणार नाही, अशी अट शेजारणीने घातली, तर ती जीपीएलची अट झाली. एमआयटी किंवा बीएसडी या नावांचे परवाने अधिक सैल आहेत. ते मूळ लेखकाचे नाव राखावे एवढेच मुख्यत्वे मागतात, पुढच्याने आपले दही कुलपात ठेवले तरी त्यांची हरकत नसते. दोहोंपैकी कोणता परवाना श्रेष्ठ यावर जाणकारांत अजूनही कडाक्याचा वाद होतो. शाळेला त्या वादात पडण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हे सारे परवाने आज्ञावली 'जशी आहे तशी' देतात, तिच्या निर्दोषपणाची हमी घेत नाहीत. मूल्य घेऊन दिलेल्या बंद आज्ञावलींच्या करारांतही बहुधा असेच कलम असते. फक्त ते कोणी वाचत नाही.

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला. त्यांच्या पहिल्या परवान्यात त्याच्या वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारला. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे.

आता सुरक्षिततेकडे वळू. ज्याची रचना चोरालाही दिसते ते सुरक्षित कसे, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर संगणकाहून जुने आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. केर्कहॉफ्स हे व्यवसायाने भाषेचे अध्यापक होते, हे शिक्षकवर्गास विशेष वाटेल. बाजारातील कुलपाची रचना सर्व लोहारांना ठाऊक असते, तरी प्रत्येक घराची किल्ली निराळी असते.

यावरून मुक्तस्रोत आज्ञावली आपोआपच सुरक्षित ठरते असा निष्कर्ष काढणाऱ्यांना २०१४ मध्ये जबर धक्का बसला. ओपनएसएसएल ही आज्ञावली संकेतस्थळांशी होणारे संभाषण गुप्त राखते. दोन संगणक परस्परांशी जोडलेले आहेत किंवा नाही हे पाहण्याची एक रीत तिच्यात आहे : एकाने शब्द पाठवावा व त्याची लांबी सांगावी, दुसऱ्याने तोच शब्द परत पाठवावा. समजा, मुलाने चार अक्षरांचा शब्द लिहिला आणि "हा पाचशे अक्षरांचा आहे" असे सांगितले. गुरुजींनी न मोजता आपल्या वहीतून पाचशे अक्षरे वाचून दाखविली, तर शब्दाच्या पुढे लिहिलेले गुणसुद्धा वर्गाला कळतील. तसेच येथे घडले. लांबी तपासण्याची आज्ञा लिहिणे राहून गेले होते. त्यामुळे एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत खासगी मजकूर बाहेर पडू शकत होता. 'हार्टब्लीड' नावाने ओळखला गेलेला हा दोष मार्च २०१२ मधील आवृत्तीत शिरला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. दोन वर्षे ती संहिता जगापुढे उघडी होती. ती वाचण्याचा अधिकार सर्वांना होता. वाचण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते. असंख्य संकेतस्थळे ज्या आज्ञावलीवर विसंबून होती, तिच्यासाठी पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता आणि देणग्या वर्षास सुमारे २,००० डॉलर येत.

बंद आज्ञावलीचे रक्षण अधिक चांगले होते म्हणावे, तर मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूची आठवण होते. त्याने विंडोजमधील एका दोषाचा लाभ घेतला. कंपनीने दुरुस्ती मार्च महिन्यातच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती घेतलीच गेली नाही. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

मार्च २०२४ ची घटना याहूनही विलक्षण आहे. एक्सझेड युटिल्स ही मजकुराचा आकार लहान करणारी छोटी मुक्तस्रोत आज्ञावली. एक मनुष्य ती वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होता. 'जिआ तान' हे नाव धारण करणाऱ्या कोणी २०२१ पासून तिच्यात चांगल्या सुधारणा पाठविल्या, विश्वास संपादन केला आणि अखेर कारभारात वाटा मिळविला. नंतर ५.६.० या आवृत्तीत दूरच्या संगणकात शिरण्याचा चोरदरवाजा बसविला. त्यातील खुबी अशी की, विषारी भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसास न वाचता येणाऱ्या फायलींत लपविला होता, आणि त्यास जागे करणारी आज्ञा वाटपाच्या गठ्ठ्यात होती, सर्वांसमोरच्या भांडारात नव्हती. म्हणजे जे दाखविले ते आणि जे वाटले ते, यांत अंतर होते. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यांनी दिले, मूळ शोधले आणि २९ मार्च रोजी जगास सावध केले. चोरदरवाजा तोवर बहुतांशी चाचणीच्या प्रणालींतच पोहोचला होता. संहिता खुली नसती तर इतक्या लवकर मूळ सापडते ना, हे खरे. पण ती खुली असूनही तो बसविता आला, हेही तितकेच खरे.

शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. 'सरल' व 'यु-डायस' यांची कामे त्यावरच होतात. अशा संगणकावर कुलूप तोडलेली प्रत बसविणे सर्वांत घातक, कारण कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले आहे हे कोणास तपासता येत नाही आणि दुरुस्त्याही धडपणे मिळत नाहीत. प्रतिमुद्राधिकार अधिनियम १९५७ अन्वये संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयीन कृती मानली जाते. तिची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा अपराध आहे. परीक्षेत नक्कल करू नये असे ज्या खोलीत सांगितले जाते, त्याच खोलीत ही प्रत चालू असावी हे शोभत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रांवर पुढील आवृत्ती चालत नाही, त्यांवर लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसविता येते. केरळातील शासकीय शाळांतून अशाच प्रणालीवर शिक्षण दिले जाते, आणि सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही प्रणाली मराठीतही चालते. मात्र दुरुस्त्या तीवरही वेळोवेळी घ्याव्या लागतात. म्हणून जडसंग्रह नोंदवहीत एक पान आज्ञावलींसाठी राखावे : नाव, आवृत्ती, परवाना, कोठून घेतली, शेवटची दुरुस्ती कोणत्या दिवशी घेतली व कोणी घेतली. नवी प्रणाली बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तोवर जुन्यातील माहिती जागची हलत नाही. छपाईयंत्र व मराठी टंकलेखन चालते किंवा कसे, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.