शाळेचें भय आणि तिसरी वाट

शाळेच्या वेळेस पोट दुखतें, मळमळतें, आणि ती वेळ टळली कीं मूल बरें होतें. हें पाहून वडील मंडळी ‘ढोंग’ म्हणून मोकळी होतात. परंतु भीतीनें उठलेली पोटदुखी खरीच असते. घरीं राहिल्यानें भय शमतें, म्हणूनच दुसरे दिवशीं तें अधिक बळावतें; आणि मारून धाडल्यानेंहि तें जात नाहीं.

या पेचांतून जपानांत तिसरी वाट निघाली. ओकुची केइको या शिक्षिकेनें १९८५ सालीं ‘टोकियो शुरे’ ही मुक्त शाळा काढली. तेथें येण्याची सक्ती नाहीं; कार्यक्रम मुलेंच सभा भरवून ठरवितात. मूळ शाळेच्या पटावर नांव राहतें, व मुख्याध्यापकांची संमति असल्यास अशा शाळेंतील दिवस हजेरींत धरतात. २०१६ सालच्या कायद्यानें शाळेबाहेरील शिक्षणाचें महत्त्व व मुलास विश्रांतीची आवश्यकता, हीं दोन्ही मान्य केलीं. खर्च मात्र बहुधा पालकांसच सोसावा लागतो.