शाळेचे फाटक आणि डिकीतले पिस्तूल

शस्त्र परवाना हातात पडला की माणूस आधी आपले नाव आणि फोटो बघतो, शस्त्राचा नंबर ताडून घेतो, काडतुसे किती बाळगता येतील ते वाचतो. मागच्या अटींपर्यंत फारसे कोणी जात नाही. त्या अटींमध्ये एक वाक्य असे आहे की ते बारामती-इंदापूरच्या प्रत्येक शाळेच्या फाटकावर रंगवून घ्यायला हवे. त्याचा आशय असा : परवानाधारकाने शस्त्र खेळ, संरक्षण किंवा प्रदर्शन अशा प्रामाणिक कारणासाठीच बाळगावे, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिलेली नसेल, तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये.

यातला ‘आवार’ हा शब्द महत्त्वाचा. त्यात वर्गखोल्या तर आल्याच, शिवाय फाटकाच्या आतले मैदान आले, लिंबाखाली गाड्या लावायची जागा आली आणि स्नेहसंमेलनाचा मंडपही आला. मुलाचा निकाल घ्यायला आलेल्या पालकाने गाडी आत लावली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात परवान्याचे पिस्तूल असले, तर परवाना खिशात असूनही अट मोडलेली असते. त्यासाठी पिस्तूल बाहेर काढावे लागत नाही, कोणाला दाखवावे लागत नाही.

‘पण मी ते गाडीतच ठेवले होते, अंगावर नव्हते,’ हा बचाव अनेकांना बिनतोड वाटतो. न्यायालयात तो टिकत नाही. शस्त्र ‘ताब्यात असणे’ म्हणजे हातात किंवा कमरेला असणे एवढेच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मध्य प्रदेशातल्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले. वस्तू दुसरीकडे असेना, तिच्यावर ताबा आणि हुकमत तुमची असेल आणि ती तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ती तुमच्याच ताब्यात. डिकीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली तर ही हुकमत आणखी पक्की होते. जाणिवेचा मुद्दा पुढे १९९४ साली संजय दत्तच्या प्रकरणात घटनापीठापुढे पुन्हा आला, आणि ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो हे तत्त्व तिथेही कायम राहिले. त्यामुळे गाडीत कोणीतरी नकळत काही टाकून गेले, तर मालकाला दाद मागायला जागा आहे. जाणूनबुजून ठेवणाऱ्याला मात्र ती नाही.

गाडीचा उल्लेख तर १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. कलम २३ नुसार शस्त्रांबाबत कायदा मोडला जातो आहे का हे पाहण्यासाठी पोलीस अधिकारी कोणतेही वाहन थांबवून त्याची झडती घेऊ शकतो. आणि कलम ३५ कॉलेजातल्या पोरांना समजावून सांगायलाच हवे असे आहे. अनेकांच्या ताब्यातल्या घरात किंवा वाहनात बेकायदा शस्त्र सापडले आणि ते तिथे आहे हे त्यांच्यापैकी ज्यांना ठाऊक होते असे मानायला कारण असेल, त्यातला प्रत्येक जण, उलट सिद्ध होईपर्यंत, जणू एकट्याने गुन्हा केल्यासारखा जबाबदार धरला जातो. मित्राच्या गाडीतून वालचंदनगरहून बारामतीला कॉलेजला जाताना सीटखाली काय आहे हे माहीत असूनही जो गप्प बसला, तोही या कलमाच्या कक्षेत येतो. ‘माझे नव्हते, त्याचे होते’ एवढ्यावर सुटका होईलच असे नाही.

शिक्षेच्या बाबतीत परवानाधारक आणि बिनपरवाना यांच्यात मोठे अंतर आहे. परवान्याची अट मोडली तर कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर ही शिक्षा हलकी दिसते. पण अट मोडली म्हणून परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ देते, आणि ज्यांनी पोलीस ठाण्याचा अहवाल, अधीक्षक कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय असे हेलपाटे घालून परवाना मिळवला त्यांना तो जाणे दंडापेक्षा जास्त झोंबते. परवाना नसलेल्या पिस्तुलाची गोष्टच निराळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा ताब्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आणि वर दंड आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्नावरातीत बेदरकारपणे गोळ्या झाडण्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवले.

एकवीस वर्षांखालच्या मुलाला परवाना मिळूच शकत नाही. नेमबाजीच्या सरावापुरती कायद्यात वेगळी सोय आहे, तीही देखरेखीखाली. म्हणजे बारावीच्या मुलाच्या दप्तरात किंवा त्याच्या दुचाकीच्या डिकीत बंदूक सापडली, तर ती कायदेशीर असण्याची शक्यताच उरत नाही. प्रश्न मग एकच राहतो : ती आली कुठून?

याचे उत्तर बहुतेक वेळा घरात सापडते. ११ डिसेंबर २००७ रोजी गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी चौदा वर्षांच्या वर्गमित्राला गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल त्यांच्यातल्याच एकाच्या वडिलांचे होते. २० जानेवारी २०१८ रोजी हरियाणातल्या यमुनानगरमध्ये बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर तिच्या कार्यालयात गोळ्या झाडल्या, त्यात तिचा जीव गेला. शस्त्र होते वडिलांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल काढले आणि तिसरीतल्या दहा वर्षांच्या मुलाच्या दंडाला गोळी लागली. पाच वर्षांचे पोर कोणत्याही टोळीकडून कट्टा विकत आणत नाही. त्याच्या हाताला ते कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे लागते. म्हणूनच २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र वापरात नसताना कुलूपबंद ठेवण्याची हमी परवानाधारकाकडून घ्यायला सुरुवात केली. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे तिजोरी नव्हे.

आता बारामती-इंदापूरकडे वळू. इथे जमिनीचे भाव वाढले, महामार्ग आले, एमआयडीसी आली, आणि कमरेला परवान्याचे पिस्तूल असणे हे काही घरांत प्रतिष्ठेचे लक्षण झाले. त्याच्या शेजारीच बेकायदा कट्ट्यांचा बाजार उभा राहिला. १६ मार्च २०२४ च्या संध्याकाळी पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूरजवळच्या एका हॉटेलात जेवायला बसलेल्या माणसावर हल्लेखोरांनी आधी गोळ्या झाडल्या, मग कोयत्याने वार केले. त्याचे सीसीटीव्ही चित्रण त्या रात्रीच भ्रमणध्वनींवरून गावोगाव गेले. शाळकरी मुलांनीही ते पाहिले.

त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. संशयित दोघेही अल्पवयीन, त्याच महाविद्यालयातले. सोमवार होता, दिवसाची वेळ होती, आवारात मुलांची वर्दळ होती. शस्त्र होते कोयता. बंदूक नव्हती, आणि म्हणूनच या तालुक्यांतल्या प्रश्नाचे खरे रूप इथे दिसते.

कोयता इथल्या मातीतला आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे राबणारी नवरा-बायकोची जोडी. ज्या अवजारावर माणसांची मोजणी होते, ज्याच्यावर त्यांची चूल पेटते, तेच अवजार एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाच्या शर्टाआडून कॉलेजच्या फाटकातून आत जाते, याची टोचणी या भागातल्या कोणालाही लागल्याशिवाय राहत नाही.

कायद्यालाही इथे अडखळायला होते. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र नियमांच्या यादीत येतात. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. उसाच्या फडातला कोयता म्हणून शस्त्र नाही, आणि तो नसावाही. मग कॉलेजच्या पार्किंगमध्ये, दुचाकीच्या डिकीत, गोणपाटात गुंडाळलेला कोयता? तिथे ऊस नाही, शेत नाही, तोड नाही. पोलीस अशा वेळी शस्त्र कायद्याच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा नोंदवतात आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश मोडल्याबद्दल कलम १३५ लावतात. ठाण्यात याला ‘चार पंचवीस’ म्हणतात; पिस्तूल सापडले की ‘तीन पंचवीस’. मनाई आदेश त्या दिवशी लागू होता का, अवजार शेतीचे की हल्ल्याचे, यावर पुढे वकिलांची झुंज होते. बंदुकीच्या बाबतीत आवाराची अट परवान्यातच लिहिलेली आहे, कोयत्याच्या बाबतीत तशी स्पष्ट ओळ कुठेच नाही. बारामतीच्या त्या घटनेनंतर ही उणीव विधिमंडळाने भरून काढायला हवी होती असे वाटते. शाळेच्या आवारात पात्याचे हत्यार आणण्यासाठी वेगळे कलम असले, तर ऊसतोड मजुराच्या अवजाराला धक्का न लावता मुलांना वाचवता येईल.

प्रशासनाने दुसऱ्या वाटेने काम सुरू केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत शक्ती अभियान जाहीर केले. शाळा-महाविद्यालयांत तक्रारपेट्या, संपर्कासाठी एक क्रमांक, समुपदेशनाचा कक्ष, पोलिसांच्या भेटी आणि ‘शक्ती नजर’ असे त्याचे भाग होते. शेवटचा भाग आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे : समाजमाध्यमांवर बंदूक, पिस्तूल, चाकू अशा हत्यारांसह फोटो टाकणाऱ्यांवर लक्ष ठेवणे. गाडीच्या बॉनेटवर पिस्तूल ठेवून काढलेली रील पुष्कळदा पहिला पुरावा ठरते, कारण ती स्वतः मुलानेच जगाला दाखवलेली असते.

शाळेच्या आवारात शस्त्राला काही वाटा मोकळ्याही आहेत. कर्तव्यावरच्या लोकसेवकाला शस्त्र कायदा लागू होत नाही, त्यामुळे वार्षिक समारंभाला आलेल्या मंत्र्याबरोबरच्या पोलीस अंगरक्षकाचे पिस्तूल चालते. त्याच नेत्याच्या खासगी कार्यकर्त्याचे परवान्याचे पिस्तूल चालत नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या छात्रांच्या हातातली रायफलही त्यांच्या कामापुरती मोकळी आहे. पण निवडणुकीच्या दिवशी जिल्हा परिषदेची तीच शाळा मतदान केंद्र होते आणि नियम आणखी कडक होतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-ब नुसार मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शस्त्र जप्त होते आणि परवाना रद्द मानला जातो. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभेचे मतदान झाले तेव्हा या दोन्ही तालुक्यांतल्या अनेक पहिली-दुसरीच्या वर्गांना तो नियम लागू होता.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांना तिथला कायदा ऐकून नवल वाटेल. १९९० च्या संघीय कायद्याने शाळेपासून एक हजार फुटांच्या आत बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले. दोन वर्षांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत बारावीचा एक विद्यार्थी रिव्हॉल्व्हर घेऊन शाळेत सापडला, आणि त्याच्याच खटल्यात १९९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने तो सुधारून पुन्हा आणला. पण त्यात एक पळवाट ठेवलेली आहे : बंदूक भरलेली नसेल आणि गाडीत कुलूपबंद पेटीत असेल, तर चालते. टेक्सासने तर २०१७ मध्ये असा कायदा केला की परवानाधारक शिक्षकाला शाळेच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत पिस्तूल ठेवायला शाळा मनाई करू शकत नाही. तिथे गाडी ही जणू घराची एक खोली. आपल्याकडे गाडी आवारात शिरली की तीही आवाराचाच भाग. तिथे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसाने हेही लक्षात ठेवावे की शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्याला बंदूक बाळगायलाच संघीय कायद्याची मनाई आहे.

मुख्याध्यापकांपुढचा प्रश्न मात्र रोजचा आणि साधा असतो. पार्किंगमधल्या अमुक गाडीत काहीतरी आहे असे मुलांनी येऊन सांगितले, तर करायचे काय? वाहनाची झडती घेण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिला आहे, शिपायाला किंवा क्रीडाशिक्षकाला नाही. गाडी उघडू नये, काच फोडू नये, वस्तूला हात लावू नये. बोटांचे ठसे पुसले गेले तर पुढचा खटलाच दुबळा होतो. गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा, मुलांना त्या बाजूने हटवावे, फाटक बंद करावे, ११२ ला फोन लावावा. शस्त्र कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आणि ज्या मुलाने येऊन सांगितले, त्याचे नाव फलकावर, सभेत किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाऊ देऊ नये. उद्याही त्याला त्याच बाकावर बसायचे असते.