घाटाखालची खोपोली

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला खोपोली ठाऊक असते, पण त्याने खोपोली पाहिलेली मात्र नसते. पनवेल मागे पडले, लोधिवली, चौक, खालापूर अशी गावे सरली, की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. जुन्या रस्त्याने जाणारा प्रवासी इथे घोटभर चहा घेई आणि घाटाला लागे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि बहुतेकांचा तेवढाही थांबा सुटला. दिवाळीच्या सुटीत लोणावळ्याला निघालेल्या मंडळींनी थोडी वाट वाकडी करावी आणि दोन-तीन तास या गावात काढावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पहिला मुक्काम अर्थातच नाना फडणिसांच्या तळ्यावर. दगडी बांधणीचे विस्तीर्ण तळे आणि त्याच्या काठी वीरेश्वराचे मंदिर. पेशवाईत पुण्याचा माल याच घाटाने उतरून पनवेलच्या बंदराकडे जाई. घाट उतरून आलेल्या माणसाला आणि बैलाला आधी काय हवे, तर पाणी. नानांची कारस्थाने आपण शाळेत पाठ केली; पण वाटसरूच्या तहानेचा विचार करणारे नाना पाहायचे असतील, तर या पायऱ्यांवर येऊन बसावे.

घाटावरून कोकणात उतरणे म्हणजे काय, हे कारतलबखानाला विचारावे! २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी त्याला याच तालुक्यात, चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत गाठले. पुढची वाट बंद, मागची बंद आणि दोन्ही अंगांना रान. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. तिथे आता स्मारक आहे. खोपोलीहून गाडीने जाता येते.

आता स्टेशनावर चला. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत लोकल इथे येते आणि संपते. पुढे रूळच नाहीत. या टोकाच्या स्टेशनाकडे पाहून कुणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी पुण्याला जाणारी आगगाडी हीच होती! १२ मे १८५६ रोजी पळसदरी ते खोपोली हा फाटा सुरू झाला. साहेबाच्या जिभेवर खोपोलीचे ‘कांपूली’ झाले होते. १८५८ च्या जूनमध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधला घाट मात्र तसाच होता. मग उतारू खोपोलीला उतरत आणि पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून खंडाळा गाठत. वर गेले की पुन्हा आगगाडी. पाच वर्षे हा खेळ चालला आणि तेवढी पाच वर्षे खोपोलीची चंगळ होती, असे म्हणायला हरकत नाही.

तिकडे डोंगरात सुरुंग उडत होते. सुमारे सोळा मैलांत अठराशे फूट चढायचे, पंचवीस बोगदे खोदायचे. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर कामावर होते आणि पटकीने त्यांतले किती नेले याची गणती धड कुणी ठेवली नाही. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने परत बोटीत न बसता कंत्राट आपल्या नावे चालवले आणि दोन इंजिनियर हाताशी धरून ते तडीस नेले. बोरघाट चढणाऱ्या किती जणांना या बाईचे नाव ठाऊक असेल? २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाची गाडी सुरू झाली. पण तिची वाट पळसदरीहूनच वर वळली आणि खोपोली बाजूला पडली.

लोखंडाच्या रुळांनी गावाला दगा दिला, तरी लोखंडाच्या नळांनी तारले. डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे ते अजस्र नळ लांबूनच दिसतात. वर लोणावळा, वळवण, शिरवता येथे धरणे बांधून टाटांनी पाणी अडवले आणि सुमारे सतराशे फूट उंचीवरून ते खोपोलीच्या चक्रांवर सोडले. जमशेटजींनी हे स्वप्न पाहिले, पण ते १९०४ मध्येच गेले. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हस्ते वीजघर सुरू झाले आणि सत्तरेक किलोमीटर दूरच्या मुंबईतल्या कापडगिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. गिरण्या गेल्या, वीजघर आहे. आत जायला परवानगी लागते, तेव्हा मुलांना आधी भलती आशा लावू नये.

पुढे १९६० नंतर इथे पोलाद आले. महिंद्रांनी फ्रान्समधल्या युजिन कंपनीशी भागी करून विजेच्या भट्ट्यांत खास पोलाद गाळायला घेतले. लोखंडी नळांचा कारखानाही निघाला. परगावची माणसे आली, वसाहती उठल्या, भोंग्यांवर गावाचा दिवस चालू लागला. काही कारखाने पुढे थंडावले. शिफ्टवरून दमून आलेला बाप आणि त्याच्या डब्याची वाट पाहणारी पोरे, ही खोपोली कुठल्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नाही.

निघण्यापूर्वी वीजघरातून बाहेर पडणारे पाणी जरूर पाहावे. हे पाणी मूळचे इंद्रायणीचे. डोंगराने त्याला पूर्वेकडे ढाळले होते. देहू, आळंदी करीत ते भीमेला आणि कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राला जायचे. माणसाने ते अडवून पश्चिमेला उलटे वळवले. आळंदीच्या घाटावर उभ्या असलेल्या वारकऱ्याला या देवघेवीविषयी काय वाटत असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत पडते आणि भर उन्हाळ्यातही नदी वाहती राहते. खालच्या अंगाला शेते आहेत, रसायनीचे कारखाने आहेत. परतताना लोधिवलीच्या बाजूला पूल लागला, तर गाडी हळू करा. खाली तेच पाणी धरमतरच्या खाडीकडे चाललेले असते.